सोमालियात एकटा मुल्ला लढला नव्हता : इतिहास अभ्यास मंडळांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या इतिहास अभ्यास मंडळांचे अध्यक्ष व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

नव्या शैक्षणिक धोरणापायी सगळीकडे अभ्यासक्रम पुन्हा मांडले जात आहेत. श्रेयांक किती, कोणते प्रकरण कुठल्या सत्रात, यावर बैठका चालू आहेत. या गडबडीत एक विनंती पुढे करतो. ‘आधुनिक जग’ शिकवताना आफ्रिकेच्या वाटणीचे प्रकरण येते. त्यात बर्लिन परिषद असते, पट्टीने ओढलेल्या सरहद्दी असतात, कोणी काय गिळले त्याचा तक्ता असतो. आफ्रिकी माणूस त्यात क्वचितच भेटतो. सोमाली माणूस भेटलाच तर एका ओळीत, इंग्रज ज्यांना ‘वेडा मुल्ला’ म्हणत ते सय्यद मोहम्मद अब्दुल्ला हसन, १८९९ ते १९२०. त्यानंतर एकदम समुद्री चाचे.

या प्रकरणासाठी एकच उदाहरण खोलात शिकवायचे असेल तर ते सोमाली किनाऱ्याचे घ्यावे आणि कुळाकुळाने शिकवावे, असे माझे म्हणणे आहे. आपल्याला ते परकेही वाटायला नको, कारण त्याचा पहिला कागद मुंबईच्या कारभारातला आहे.

अरबस्तानच्या किनाऱ्यावरचे एडन बंदर १८३९ पासून १९३२ पर्यंत मुंबई इलाख्याच्या कारभाराखाली होते. एडनच्या छावणीला मटण लागे आणि ते समोरच्या बर्बेराहून येई. शेळ्यामेंढ्यांनी भरलेली गलबते आखात ओलांडत. ब्रिटिशांना सोमाली किनाऱ्यात रस का, याचे हे सगळ्यांत साधे उत्तर. १८५५ मध्ये मुंबई लष्करातला अधिकारी रिचर्ड बर्टन बर्बेराला उतरला असताना त्याच्या तळावर रात्री हल्ला झाला. बर्टनच्या गालातून आरपार गेलेल्या भाल्याची गोष्ट सगळे रंगवून सांगतात. त्यानंतर बर्बेराची नाकेबंदी करून हबर अवल कुळाला करार करायला लावला, हे सांगायचे बहुतेक राहून जाते.

पुढे सुदानात महदीचा उठाव झाला आणि १८८४ मध्ये इजिप्तने या किनाऱ्यावरचे आपले सैन्य काढून घेतले. एडनहून मेजर हंटर करारांचे मसुदे घेऊन निघाले. १८८४ ते १८८६ या काळात हबर अवल, गदाबुर्सी, ईसा, हबर गरहजिस, हबर तोलजाला आणि वरसंगली या कुळांशी वेगवेगळे करार झाले. एकच राजा नव्हता, त्यामुळे एकच सही घेऊन भागत नव्हते. आतल्या मुलखातल्या धुलबहांते कुळाशी तर करार झालाच नाही. हे नाव लक्षात ठेवावे, पुढे लागेल. १८९८ पर्यंत या किनाऱ्याचा कारभार एडनमार्फत हिंदुस्थानाशी जोडलेला होता आणि आपला रुपया तिथे १९४१ पर्यंत चालला.

हे करार वर्गात प्रत्यक्ष वाचावेत असे आहेत. हबर अवलांच्या करारात सुरुवातीलाच वडीलधारे म्हणतात की आमचे स्वातंत्र्य टिकावे आणि सुव्यवस्था राहावी म्हणून आम्ही हा करार करतो. पहिले कलम असे, की आमच्या ताब्यातल्या मुलखाचा कोणताही भाग आम्ही ब्रिटिश सरकारखेरीज कोणाला देणार नाही, विकणार नाही, गहाण ठेवणार नाही. जमीन ब्रिटिशांना दिली, असे त्यात कुठेही नाही. दुसऱ्या कोणाला देणार नाही, एवढेच वचन आहे.

तेरा वर्षांनी ती जमीन ब्रिटिशांनीच दुसऱ्याला दिली. १८९६ मध्ये इथिओपियाचा सम्राट मेनेलिक याने अदुवाला इटलीचा धुव्वा उडवला होता आणि सुदानात महदीवाद्यांशी ब्रिटिशांचे युद्ध चालू होते. अशा वेळी इथिओपियाला दुखवून चालणार नव्हते. १८९७ मध्ये ब्रिटिश दूत रेनेल रॉड अदिस अबाबाला गेला आणि हौद नावाच्या पठारावरच्या कुरणांचा मोठा भाग इथिओपियाच्या पदरात टाकून आला. हौदमध्ये बारमाही पाणी नाही. एप्रिलच्या सुमारास ‘गू’चा पाऊस पडला की सोमाली धनगर उंट आणि मेंढ्या तिकडे हाकतात. डबकी आटली की उत्तरेतल्या आपापल्या विहिरींवर परततात. नव्या रेषेने एकाच कुळाचे पावसाळी कुरण पलीकडे टाकले आणि उन्हाळ्यातली विहीर अलीकडे ठेवली. चराईचा हक्क कागदावर राखून ठेवला, हे खरे. पण ज्यांच्याकडून ‘कोणाला देणार नाही’ असे लिहून घेतले, त्यांना विचारायला कोणी गेले नाही. १९५४ मध्ये ब्रिटनने इथिओपियाशी पुन्हा करार करून हौदचा ताबा पुरताच सोडला. तेव्हा १९५५ मध्ये सोमाली शिष्टमंडळ लंडनला गेले, ते हेच जुने करार पुढे करून.

विद्यार्थी हमखास विचारतात, मग यांचा राजा काय करत होता? उत्तरेच्या पशुपालक मुलखात सुलतान असत, पण त्यांचा मान मोठा आणि हुकूम लहान. निर्णय ‘शिर’ नावाच्या बैठकीत होत. पुरुषमंडळी झाडाखाली जमत, वक्ते आणि कवी बोलत, वाद दिवसचे दिवस चाले. खून झाला तर शंभर उंटांचे रक्तमूल्य खुन्याच्या भाऊबंदांनी मिळून भरायचे आणि मेलेल्याच्या भाऊबंदांनी वाटून घ्यायचे. अशा समाजाला राजधानी जिंकून हरवता येत नाही, कारण राजधानीच नाही. तो लढतो तेव्हाही एका झेंड्याखाली लढत नाही. प्रत्येक कुळ आपले पाणी, आपले वैर आणि आपला फायदा पाहून ठरवते. एका रेषेत गोष्ट सांगणाऱ्याला हे फार गैरसोयीचे जाते. शिकवायला मात्र यातच सगळी मजा आहे.

दक्षिणेकडचा बनादीर किनारा घ्या. मोगादिशू, मर्का, बरावा ही बंदरे झांझिबारच्या सुलतानाने १८९२ मध्ये इटलीला भाड्याने दिली. बंदरांच्या बाहेर झांझिबारचा अंमल फारसा कधी नव्हताच, त्यामुळे भाडेकरूच्या हाती आल्या त्या गावकुसाच्या भिंती. नोव्हेंबर १८९६ च्या अखेरीस इटलीचा वाणिज्यदूत अंतोनिओ सेक्की मोगादिशूहून शेबेले नदीकडे निघाला आणि वाटेत लाफोलेला मुक्कामाला थांबला. वादान कुळाच्या लोकांनी रात्री तळाला वेढा घातला. सेक्की आणि त्याच्या सोबतचे बहुतेक इटालियन मारले गेले. सय्यदांचे नाव अजून कोणी ऐकलेही नव्हते, तेव्हाची ही घटना.

मर्काच्या मागे शेबेलेच्या खोऱ्यात बिमाल कुळ होते. शेती करणारे आणि गुरे राखणारेही. १९०४ च्या फेब्रुवारीत मर्कातला इटालियन प्रतिनिधी जाकोमो त्रेविस याचा खून झाला. इटलीने मोगादिशूजवळचे जझीरा ताब्यात घेतले आणि बिमालांनी मर्काची नाकेबंदी केली. शेख अबिकर गाफले यांच्यासारखे धर्मगुरू पुढाकार घेत होते. फेब्रुवारी १९०७ मध्ये दनानेला मोठी लढाई झाली. सय्यदांनी बिमालांना आपल्या बाजूला ओढण्यासाठी लांबलचक पत्र पाठवले, पण बिमाल आपल्या हिशेबाने लढत राहिले. १९०८ मध्ये इटालियन सैन्य आफगोयेला पोचले, गेलेदीचा सुलतान तडजोडीला आला आणि नदीकाठचा प्रतिकार मोडत गेला.

आता अडचणीचा भाग. बिमाल का उठले? परकी सत्ता नको होती, हे आहेच. पण नदीकाठची शेती गुलामांच्या कष्टावर चालत होती. बनादीरमधल्या गुलामगिरीवरून इटलीत गदारोळ झाल्यावर तिथल्या अधिकाऱ्यांना गुलामांच्या व्यापारावरची बंदी खरोखर अमलात आणावी लागली आणि जमीनमालकांचे धाबे दणाणले. म्हणजे वसाहतवादाविरुद्धचा हा लढा काही अंशी गुलाम हातचे जाऊ नयेत म्हणूनही होता. त्याच काळात दक्षिणेला जुब्बा नदीच्या जंगलात, गोशा भागात, पळून आलेल्या गुलामांनी वसवलेली खेडी होती. नसीब बुंदा हा त्यांचा म्होरक्या. त्या खेड्यांतल्या माणसांना आपला शत्रू फक्त गोऱ्या कातडीचा दिसत नव्हता. हा भाग कृपा करून गाळू नका. पदवीचे विद्यार्थी वीस वर्षांचे असतात, त्यांना झेपते.

सय्यदांना वगळा, असे मी म्हणत नाही. वगळणे शक्यही नाही. पण त्यांची चळवळ एका माणसाची नव्हती, हे तरी सांगायला हवे. त्यांचे वडील ओगादेन कुळातले, आई धुलबहांते. १८९९ मध्ये बुराओला लोक जमले तेव्हा हबर युनिसांचे सुलतान नूर बरोबर होते. सय्यदांचा उजवा हात हाजी सुदी हा हबर जेलो कुळातला, एके काळी ब्रिटिश नौदलाकडे दुभाषी असलेला. धुलबहांते मोठ्या संख्येने दरवेशांना, म्हणजे सय्यदांच्या अनुयायांना, मिळाले. ज्यांनी इंग्रजांशी कसलाही करार केला नव्हता, ते ‘बंडखोर’ कोणत्या हिशेबाने ठरतात, हा प्रश्न वर्गात टाकून बघा. तासभर वाद चालेल.

१९०१ ते १९०४ या काळात ब्रिटिशांनी चार मोहिमा काढल्या आणि त्यांत हिंदुस्थानी सैनिक होते. बॉम्बे ग्रेनेडियर्सच्या युद्धसन्मानांत ‘सोमालीलँड १९०१-०४’ आजही आहे. बिकानेर संस्थानचे उंटदळ गेले होते. १७ एप्रिल १९०३ रोजी गुंबुरूला कर्नल प्लंकेटची तुकडी दरवेशांच्या वेढ्यात सापडली. दारूगोळा संपला, एकूण एक इंग्रज अधिकारी पडला, आणि त्यांच्याबरोबर शिखांची एक कंपनी जवळजवळ नाहीशी झाली. पंजाबातल्या खेड्यातून निघालेला माणूस आफ्रिकेतल्या काटेरी झुडपांत कोणाच्या कुरणासाठी मेला, हे त्याच्या घरच्यांना तरी कोणी नीट सांगितले असेल का, कोण जाणे.

पण दरवेशांच्या बाजूचाही हिशेब मांडावा लागतो. १९०९ मध्ये त्यांच्या माणसांनी बियोले इथे शेख उवैस यांना ठार मारले. उवैस बरावाचे, कादिरिया पंथाचे, दक्षिणेत मोठा शिष्यवर्ग असलेले. सय्यद सालिहिया पंथाचे. भांडण धर्माचरणावरचे होते, इटालियनांचा त्यात संबंध नव्हता. त्याच सुमारास ब्रिटिशांनी खर्च परवडत नाही म्हणून आतला मुलूख सोडला, किनाऱ्यावर येऊन बसले आणि ‘मित्र’ कुळांना बंदुका वाटल्या. पुढची दोन-तीन वर्षे कुळाने कुळाला लुटले, उंट पळवले, विहिरी बळकावल्या, दुष्काळाने उरलेसुरले नेले. संरक्षित प्रदेशातल्या पुरुषांपैकी एक तृतीयांश या काळात गेले, असा अंदाज सांगितला जातो. अंदाज कितीही ढोबळ धरा, गुंबुरूच्या लढाईपेक्षा माणसे इथेच अधिक मेली. तरी वाचायला मिळते ती गुंबुरू, कारण तिथे इंग्रज मेले होते.

आणि हबर अवल, हबर युनिस यांच्यातले अनेक जण दरवेशांविरुद्ध इंग्रजांच्या बाजूने उभे राहिले, ते का? त्यांना ‘फितूर’ म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण दरवेश त्यांचे उंट नेत होते आणि बर्बेराचा व्यापार त्यांच्या पोटाशी बांधलेला होता. आज सोमालीलँडमध्ये, म्हणजे जुन्या ब्रिटिश भागात, सय्यदांचे नाव काढले तर घराघरांत लुटीच्या आठवणी निघतात, आणि मोगादिशूत त्यांचा घोड्यावरचा पुतळा उभारला गेला. दोन्ही गोष्टी एकाच माणसाबद्दल आहेत.

२१ जानेवारी १९२० रोजी ब्रिटिश विमानांनी दरवेशांच्या मेदिशी इथल्या तळावर बाँब टाकले. रॉयल एअर फोर्सची एकूण बारा विमाने होती. जोडीला उंटदळ आणि पायदळ. तीन आठवड्यांत तालेहचे दगडी किल्ले पडले. सगळ्या मोहिमेचा खर्च सुमारे ७७ हजार पौंड, आणि लंडनमध्ये या स्वस्ताईचे कौतुक झाले. सय्यद इथिओपियाच्या बाजूला निसटले आणि डिसेंबरमध्ये ईमीला तापाने वारले. वरसंगलींचे सुलतान महमूद अली शिरे यांना सेशेल्स बेटांवर पाठवून दिले. आठ वर्षांनी ते परत आले.

बहुतेक पुस्तके इथे मिटतात. म्हणून बुराओची गोष्ट जरा सविस्तर सांगतो. दरवेश संपले, विमाने स्वस्त पडली, तेव्हा गव्हर्नर जेफ्री आर्चरने कर बसवायचे ठरवले. सोमालींनी अशा सरकारला कधी थेट कर दिलेला नव्हता. २४ फेब्रुवारी १९२२ रोजी बुराओत हबर युनिसांच्या रेर सुगुल्ले शाखेचे लोक आणि दुसऱ्या कुळांचे अकील यांच्यात चकमक उडाली. (अकील म्हणजे सरकारने नेमलेले मुखत्यार.) कॅप्टन अॅलन गिब हा जिल्ह्याचा अधिकारी, दरवेशांच्या युद्धात मुरलेला. त्याने उंटदळाची कंपनी बाहेर काढली आणि दुभाष्याला घेऊन स्वतः पुढे गेला. समोरून गोळी आली आणि तो जागीच पडला. अंधार झाला होता, मारेकरी त्यात नाहीसे झाले. आर्चरने वसाहतमंत्री चर्चिलला तार केली की दोन विमाने सुमारे चौदा दिवसांसाठी हवीत. विमाने एडनहून आली, बुराओवर बाँब पडले, गाव जळाले. मात्र कर बसवण्याचा बेत सरकारला सोडून द्यावा लागला. बाँब टाकणारे सरकार कर वसूल करू शकले नाही, ही गोष्ट मिठाच्या सत्याग्रहाच्या आठ वर्षे आधीची आहे. गव्हर्नरचा कागद म्हणतो ‘मारेकरी’. रेर सुगुल्लेंच्या तोंडची हकीकत त्या कागदात नाही.

इटालियन बाजूला १९२३ च्या अखेरीस दे वेक्की गव्हर्नर होऊन आला. मुसोलिनीच्या रोमवरच्या मोर्च्याच्या चार सूत्रधारांपैकी हा एक. त्याने सगळ्या कुळांना बंदुका जमा करायला सांगितले. शेबेलेकाठच्या गालजेल कुळातले शेख हसन बरसाने यांनी उत्तर धाडले की तुमच्या सरकारला तुमचे कायदे, आम्हाला आमचे, आणि आमच्याखेरीज दुसरा कायदा आम्ही मानत नाही. १९२४ च्या एप्रिलमध्ये त्यांना पकडले. मोगादिशूच्या तुरुंगात ते वारले. मग १९२५ ते १९२७ होब्यो आणि मजेर्तीन या उत्तरेच्या सुलतानशाह्यांची पाळी आली. दोन्ही इटलीच्या संरक्षणाखाली होत्या आणि कागदोपत्री मित्रच होत्या. होब्यो पडल्यावर उमर समतर या माणसाने एल-बुर परत घेऊन इटालियनांची झोप उडवली. मजेर्तीनमध्ये बोकोर उस्मान आणि त्यांचा मुलगा हेर्सी दोन वर्षे झुंजले. केनियाच्या बाजूला जुबालँडमध्ये ओगादेनांनी १९०० मध्ये उपायुक्त जेनरला मारले आणि १९१६ मध्ये त्यांच्यातल्याच औलिहान शाखेने सेरेनलीच्या ब्रिटिश चौकीवर हल्ला केला. १९४५ मध्ये तर टोळधाड मारण्यासाठी पसरलेल्या विषारी आमिषाने गुरे मरतात, या संशयावरून बुराओचा भाग खदखदत होता. त्या वर्षी जुलैत शेख बशीर यांनी बुराओच्या तुरुंगावर हल्ला करून कैदी सोडवले आणि काही दिवसांतच बुर धाबच्या डोंगरात ते मारले गेले. एवढे सगळे एका तासात बसणार नाही. मंडळांनी यातले एक निवडावे. माझे मत बुराओला आहे.

साधनांचा प्रश्न येईल, तो रास्त आहे. सोमाली भाषेला अधिकृत लिपी १९७२ मध्ये मिळाली. त्याआधीचा इतिहास कवितेत, वंशावळींत आणि अरबीत लिहिलेल्या संतचरित्रांत आहे. कविता तिथे युद्धाचे हत्यारही होती. शत्रूच्या कुळाला झोंबेल अशी रचना करायची, पाठांतर करणाऱ्यांनी ती विहिरी-विहिरींवर पोचवायची, मग तिकडून उत्तर यायचे. पोवाडे आणि बखरी चाळून इतिहास वेचणाऱ्या आपल्या अभ्यासकांना अशा साधनांशी कसे वागायचे ते शिकवावे लागणार नाही. शाहीर कोणाच्या पदरी होता, हे आधी विचारायचे, एवढे आपल्याला माहीत आहे.

दुसरे साधन आपल्या हाताशी आहे. एडनचा कारभार मुंबईकडे होता, म्हणून एडनचा पत्रव्यवहार मुंबई सरकारकडे येई आणि त्या सरकारची दप्तरे आज फोर्टमध्ये, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात आहेत. एम.ए.च्या प्रबंधिकांसाठी तिथे दरवर्षी मुले जातात. बहुतेकांचे विषय जिल्ह्याचे किंवा संस्थानाचे असतात, ते असावेतच. त्यांतल्या एखाद-दोघांना एडनच्या बासनांकडे वळवा. मटणाची आयात, गलबतांचे जकात-हिशेब, कुळांच्या पुढाऱ्यांना दिलेले तनखे अशा कोरड्या कागदांत ज्यांची नावे सापडतील त्यांची सूची करायला सांगा, आणि सूचीत अधिकाऱ्याच्या नावाइतक्याच ठळक अक्षरांत कुळाचे नाव घाला. हे काम पुण्या-मुंबईत बसून होते, व्हिसा लागत नाही.

आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांसाठी एक तयार प्रश्न जोडून देतो. गुण दहा. ‘१८८४ च्या हबर अवल करारातले पहिले कलम आणि १८९७ चा ब्रिटन-इथिओपिया करार शेजारी ठेवून वाचा. हौदच्या कुरणात गुरे नेणाऱ्या एका कुळाच्या शिरमध्ये तुम्ही बसला आहात असे समजून, इंग्रजांशी यापुढे कसे वागावे याबद्दल बाजूने आणि विरुद्ध, अशी दोन भाषणे लिहा.’

आपला,
इतिहासाचा एक शिक्षक